बुध जवळ, मग शुक्र का तापला? ग्रहांच्या तापमानाचा हिशेब

तुमचा प्रश्न असा: आठवीतल्या लेकीनं ग्रहांच्या सरासरी तापमानाचा तक्ता वहीत उतरवला. सूर्यापासून लांब जावं तसा आकडा खाली यायला हवा. पण बुधाचा 167 अंश आणि शुक्राचा 464, शेवटी युरेनस आणि नेपच्यून जवळजवळ सारखेच. तक्ता चुकलाय का, की अंतरावरून तापमान काढायचं सूत्रच नाही? शिवाय शुक्रावर हवेचा दाब पृथ्वीच्या 92 पट आहे, म्हणून तो तापला, असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. ते खरं का?

तक्ता बरोबर आहे आणि सूत्रही आहे. फक्त ‘अंतर की दाब’ असा हा सामना नाही. ग्रहाला उष्णता किती मिळते हा एक हिशेब, आणि ती नेमकी कुठून बाहेर पडते हा दुसरा. शाळेच्या पुस्तकात पहिलाच असतो, आणि सगळी गंमत दुसऱ्यात आहे. मी 28 वर्षं कॉलेजात वातावरणाचं भौतिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी पहिल्या तासाला हे गणित फळ्यावर घ्यायचे आणि दरवर्षी वर्ग शुक्रापाशी अडायचा. पहिल्या वर्षी तर मीच अडले. शुक्राचं उत्तर उणे 44 आलं. भागाकार चुकला असेल म्हणून फळा पुसला, पुन्हा केलं, पुन्हा उणे 44. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, “मॅडम, शुक्रावर बर्फ पडतो वाटतं.”

आधी पहिला हिशेब. पृथ्वीच्या अंतरावर, सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर 1361 वॅट इतकी ऊर्जा पडते. अंतर दुप्पट झालं की ती चौथाई होते. ग्रह गोल असतो, अर्धा अंधारात असतो, त्यामुळे सगळ्या पृष्ठभागावर वाटणी केली की चौथा हिस्सा हाती येतो, म्हणजे पृथ्वीसाठी साधारण 340 वॅट. त्यातलाही काही भाग ढग, बर्फ, वाळू परत फेकून देतात. या परत फेकलेल्या वाट्याला अल्बेडो म्हणतात. उरलेलं ग्रह पचवतो आणि तापतो. तापलेली वस्तू अवरक्त किरणांच्या रूपानं उष्णता बाहेर टाकत असते आणि हे टाकणं तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं (तापमान केल्विनमध्ये घ्यायचं).

तळाशी भोक असलेला हौद डोळ्यांसमोर आणा. वरून नळ सोडलाय. पाणी चढतं तसा भोकातून जाणाऱ्या धारेचा जोर वाढतो, आणि जेवढं येतंय तेवढंच जायला लागलं की पातळी थांबते. ग्रहाचं तापमान म्हणजे ही थांबलेली पातळी. ‘उष्णता अडकून बसते’ असं आपण बोलतो खरं, पण कायमची अडकली असती तर ग्रह तापतच गेला असता. येणं आणि जाणं सारखंच असतं. पातळी किती उंचीवर थांबेल, एवढाच प्रश्न.

लेकीला कॅल्क्युलेटर द्या. 279 या आकड्याला ग्रहाच्या अंतराच्या वर्गमूळानं भागायचं (पृथ्वीचं अंतर 1 धरून). मग 1 मधून अल्बेडो वजा करून वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं आणि त्यानं गुणायचं. उत्तर केल्विनमध्ये येतं, 273 वजा केले की सेल्सिअस. बुधाचं अंतर 0.387 आणि अल्बेडो 0.07 घेतलं तर 440 केल्विन, म्हणजे 167 अंश. तुमच्या तक्त्यातला आकडा हाच. मंगळाचं 1.52 आणि 0.25 घेऊन उणे 62 येतं, तेही प्रत्यक्षाच्या जवळ. पृथ्वीचं 0.30 अल्बेडो धरून उणे 18 येतं, प्रत्यक्षात आहे अधिक 15 च्या आसपास, म्हणजे 33 अंशांचा फरक. आणि शुक्र, अंतर 0.72, अल्बेडो 0.76, उत्तर उणे 44 च्या आसपास. प्रत्यक्षात 464. फरक पाचशेच्या वर.

इथे क्षणभर थांबा, कारण यातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शुक्रावर पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट ऊन पडतं, पण त्याचे पांढुरके ढग तीन चतुर्थांशाहून जास्त ऊन आल्या वाटेनं परत पाठवतात. दर चौरस मीटरला शुक्र पचवतो सरासरी 156 वॅट, पृथ्वी 238. म्हणजे सूर्याच्या इतक्या जवळ असूनही शुक्र आपल्यापेक्षा कमी ऊन खातो. त्याचा नळ आपल्यापेक्षा बारीक आहे, तरी हौद काठोकाठ. तेव्हा शोध घ्यायचा तो भोकाचा.

भोक कुठे असतं हे गच्चीवर बघता येतं. एसी दुरुस्तीवाले वापरतात ती अवरक्त तापमापी बंदूक मिळाली तर आणा. कोविडमध्ये कपाळाला लावायचे तिचा उपयोग नाही, ती शरीराच्या तापमानाबाहेर गेली की नुसतं ‘लो’ दाखवते. डिसेंबरातल्या निरभ्र रात्री ही बंदूक डोक्यावरच्या आकाशाकडे रोखली की माझ्या गच्चीवर आकडा उणे 20 च्याही खाली जायचा. पावसाळ्यात खालून सरकणाऱ्या ढगाकडे रोखली की अधिक 15. ढगाकडून खाली येणारी उष्णता तुम्ही त्या क्षणी मोजत असता. (जाणकारांसाठी: ही बंदूक मुद्दाम अशा तरंगलांबीत बघते जिथे पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड फारसे आड येत नाहीत. म्हणून निरभ्र आकाश ती आहे त्यापेक्षा थंड दाखवते.) निफाडला पारा उतरतो तो अशाच कोरड्या, निरभ्र रात्री. आभाळ भरून आलं की द्राक्ष बागायतदाराची थंडीची काळजी मिटते, मग रोगाची सुरू होते, ते सोडा.

आता मुद्दा असा. जमिनीतून निघालेले अवरक्त किरण थेट अवकाशात जात नाहीत. वाफ, कार्बन डायऑक्साइड, ढग ते गिळतात आणि पुन्हा सगळीकडे टाकतात, वरचे थर तेच करतात, आणि असं करत करत हवा पुरेशी विरळ झाली की तिथून किरण एकदाचे सुटतात. पृथ्वीवर ही सुटकेची उंची सरासरी 5 किलोमीटरच्या आसपास आहे. उणे 18 अंश तापमान तिथलं आहे, जमिनीवरचं नाही. सूत्र खोटं बोललं नव्हतं, ते वेगळ्या मजल्याचं तापमान सांगत होतं. त्या मजल्यावरून खाली उतरत आलं की दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश वाढतात. वाईहून पसरणीच्या घाटानं वर गेलेल्या कोणालाही हे अंगावर कळतं. पाच किलोमीटर उतरा, 33 अंश मिळवा, 15 वर पोचलात.

शुक्रावर हा सुटकेचा मजला 65 किलोमीटरच्या आसपास आहे, गंधकाम्लाच्या ढगांच्या माथ्याकडे. तिथे खरंच उणे 30 ते 45 आहे. तिथून खाली दर किलोमीटरला सुमारे आठ अंश, आणि उतरायचंय 65 किलोमीटर. गुणाकार तोंडी होतो. त्या तळाची जमीन दर चौरस मीटरला जवळपास 16,700 वॅट उष्णता वर फेकत असते आणि माथ्यावरून अवकाशात जातात फक्त 156. बाकीची मधल्या हवेतच खालीवर फिरते. वाटेतले मजले लोकांनी प्रत्यक्ष मोजलेत. जून 1985 मध्ये सोव्हिएत वेगा यानांनी शुक्राच्या हवेत दोन फुगे सोडले. ते 54 किलोमीटरच्या आसपास तरंगत राहिले आणि तिथे तापमान होतं 30 ते 40 अंश. आपल्या उन्हाळ्याइतकं! आणि त्यांच्या आधी, 15 डिसेंबर 1970 ला, व्हेनेरा 7 जमिनीवर उतरलं, 475 अंशांचा आकडा पाठवला आणि 23 मिनिटांत गप्प झालं.

मग दाबाचं काय? तुम्ही जे वाचलंत ते अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानं फार घोळ होतो. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते हे सगळ्यांनी हातानं बघितलंय. पण अर्ध्या तासानं त्याच टायरला हात लावा, थंड असतो, दाब मात्र तेवढाच. दवाखान्याच्या बोळात उभा असलेला ऑक्सिजनचा सिलिंडर घ्या. भरलेला असला की आत दीडशे वातावरणांइतका दाब असतो, शुक्राच्या जमिनीहून जास्त, आणि त्याला टेकून नातेवाईक डुलक्या घेत असतात. दाबणं उष्णता देतं, दाबलेलं असणं देत नाही. शुक्राची हवा कधीकाळी दाबली गेली आणि तापली असती, तर ती उष्णता केव्हाच उडून गेली असती.

दाब दोन आडमार्गांनी कामाला येतो. एक, हवा इतकी प्रचंड असल्यामुळे सुटकेचा मजला फार उंच जातो. दोन, दाबाखाली रेणू एकमेकांवर सारखे आदळतात आणि कार्बन डायऑक्साइड ज्या बारीक रेषांमध्ये (म्हणजे ठरावीक तरंगलांबींच्या अरुंद पट्ट्यांमध्ये) किरण गिळतो त्या रेषा फुगून रुंद होतात, मधल्या फटी बुजतात. शुक्राची हवा तेवढ्याच दाबाची, तेवढेच ढग, पण अवरक्त किरणांना पूर्ण पारदर्शक असती, तर जमीन थेट अवकाशात उष्णता टाकत बसली असती आणि तिचंच तापमान उणे 44 झालं असतं.

याचा उलटा पुरावा मंगळावर आहे आणि हा माझा परीक्षेतला आवडता प्रश्न असायचा. मंगळाची हवा 95 टक्के कार्बन डायऑक्साइड. दर चौरस मीटर जमिनीवर किती किलो, असा हिशेब केला तर मंगळावर तो दीडशे किलोच्या वर भरतो आणि पृथ्वीवर साधारण साडेसहा किलो. वीस-पंचवीस पट जास्त! तरीही मंगळाची हरितगृहाची कमाई, म्हणजे हवेमुळे सूत्रापेक्षा वाढलेलं तापमान, जेमतेम पाचेक अंश. मुलं गोंधळायची. कारण तिथला दाब आपल्या शतांशाहूनही कमी आहे, त्यामुळे रेषा सुईसारख्या बारीक राहतात आणि मधल्या फटींतून बहुतेक किरण निसटतात. आणि त्या फटी बुजवणारी पाण्याची वाफ तिथे नसल्यात जमा. वायू कोणता एवढ्यानं भागत नाही. किती दाबाखाली आणि कोणाच्या सोबतीला, हेही विचारावं लागतं.

शुक्राकडे एवढा कार्बन डायऑक्साइड आला कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन ओळी. पृथ्वीकडेही त्याच तोलाचा साठा आहे, पण आपला चुनखडीत बंद आहे. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडक झिजवतो, ते द्रावण नद्यांनी समुद्रात जातं आणि तिथे त्याचा चुनखडक होतो. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट झिजतो तेव्हाही हेच चालू असतं. शुक्रानं पाणी गमावलं, आणि पाण्याबरोबर हा वायू जमिनीत पुरायची सोयही गेली.

आता तुमच्या तक्त्याच्या खऱ्या दोषाकडे येते. ‘सरासरी तापमान’ या एका शीर्षकाखाली तीन वेगळ्या गोष्टी बसवल्या आहेत. शुक्राचा आकडा जमिनीवरचा मोजलेला. बुधाचा सूत्रातून आलेला. आणि गुरूपासून पुढच्या ग्रहांना उभं राहायला जमीनच नाही, त्यामुळे तिथे रिवाज असा की पृथ्वीच्या समुद्रसपाटीइतका दाब जिथे असेल तिथलं तापमान लिहायचं. गुरूसाठी ते उणे 110 च्या आसपास येतं. पण डिसेंबर 1995 मध्ये गॅलिलिओ यानानं सोडलेली कुपी आणखी आत गेली, 22 पट दाबापर्यंत, आणि तिथे दीडशेच्या वर तापमान होतं. मग गुरूचं तापमान उणे 110 म्हणायचं की अधिक 150? मजला सांगा, मग आकडा सांगते.

बुधाच्या 167 बद्दलही सावध राहा. तिथे दुपारी 430 आणि रात्री उणे 180. एक पूर्ण दिवसरात्र आपल्या 176 दिवसांची, आणि उष्णता इकडून तिकडे न्यायला हवा नाही. अशा ठिकाणी चौथ्या घाताची मेख बसते. समजा अर्धा ग्रह 400 केल्विनला आणि अर्धा 100 ला आहे. साधी सरासरी 250. पण हा ग्रह जेवढी उष्णता बाहेर टाकतो तेवढी टाकायला एकसारख्या तापमानाचा ग्रह 337 केल्विनला असावा लागेल. गरम अर्धा सगळं काम करून टाकतो. म्हणून चंद्राचं सूत्रानं उणे 3 येतं, आणि प्रत्यक्ष सरासरी त्याहून साठ-सत्तर अंशांनी खाली. चांद्रयान 3 च्या ‘चास्ते’ उपकरणानं ऑगस्ट 2023 मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत तापमापक खुपसला, तेव्हा वर 50 अंशांहून जास्त आणि 8 सेंटिमीटर खाली उणे 10 होतं. अशा मातीची ‘सरासरी’ काढून हातात काय येणार? शुक्राचं याच्या उलट. तोही स्वतःभोवती अगदी संथ फिरतो, पण जाड हवा उष्णता इतकी पसरवते की जमिनीवर दिवस-रात्रीत फारसा फरकच राहत नाही.

राहिले युरेनस आणि नेपच्यून. ही तुमच्या लेकीची सगळ्यात चांगली शंका आहे, आणि मोठी माणसं ती सहसा विचारत नाहीत. नेपच्यूनला युरेनसच्या निम्म्याहून कमी ऊन मिळतं. सूत्रानं युरेनस 58 केल्विनला यायला हवा आणि नेपच्यून 47 च्या जवळ. व्हॉयेजर 2 नं 1986 आणि 1989 मध्ये जवळून जाताना दोघांचंही मोजलं, 59 आणि 59. युरेनसचा हिशेब उन्हावर जवळजवळ जुळतो. नेपच्यून मात्र सूर्याकडून घेतो त्याच्या सुमारे अडीच पट उष्णता बाहेर टाकतो. ती त्याची घरची आहे. जन्माच्या वेळी आकसताना साठलेली, अजून पोटातून झिरपत येणारी. गुरू आणि शनीचंही तसंच, साधारण दुप्पट. हौदाला नळाशिवाय तळातून झराही आहे म्हणा. पृथ्वीलाही असा झरा आहे, पण दर चौरस मीटरला वॅटच्या दहाव्या हिश्शाहून कमी, 238 पुढे तो धरायचं कारण नाही. मग दोन जुळ्यासारख्या ग्रहांपैकी युरेनसचाच झरा एवढा आटलेला का? तो आडवा पडलाय, 98 अंश कललेला, म्हणून कोणी जुन्या धडकेकडे बोट दाखवतं, कोणी म्हणतं आतल्या थरांनी उष्णता कोंडून धरलीय. यावर अजून एकमत नाही, आणि मीही पैज लावणार नाही.

अल्बेडोबद्दल एक सूचना, म्हणजे लेकीचं उत्तर दुसऱ्या पुस्तकाशी जुळलं नाही तर ती हिरमुसायला नको. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. गुरूचा अल्बेडो वर्षानुवर्षं 0.34 छापला जायचा. कॅसिनी यानाच्या नोंदी नीट तपासल्यावर 2018 मध्ये तो 0.50 निघाला, आणि त्याबरोबर गुरूच्या पोटातल्या उष्णतेचा अंदाजही वर सरकला.

तुम्ही शेवटी विचारलंय की बातम्यांत दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचं तापमान देतात ते कसं कळतं. बहुतेक वेळा कळलेलं नसतं, काढलेलं असतं. अंतर माहीत, अल्बेडो अंदाजानं, आणि हेच आपलं 279 चं सूत्र त्या ताऱ्याच्या तेजानुसार बदलून. परग्रहावरच्या कोणी याच पद्धतीनं आपली सूर्यमाला बघितली असती, तर शुक्राला गोठलेला आणि पृथ्वीलाही बर्फाळ म्हटलं असतं. खरं मोजायचं तर ग्रहाकडून येणारे अवरक्त किरण पकडावे लागतात. 40 प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-1 या ताऱ्याच्या सगळ्यात आतल्या ग्रहाचं ते जेम्स वेब दुर्बिणीनं केलं. 2023 मध्ये उत्तर आलं, दिवसाची बाजू सुमारे 500 केल्विन. हवा असती आणि तिनं उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेली असती, तर हा आकडा बराच खाली आला असता. म्हणजे तो बहुधा बुधासारखा बोडका दगड आहे. एवढं एका तापमानावरून कळलं, पण ते मोजलेलं होतं म्हणून.